शून्य शुल्काचा करार आणि समुद्रातली सीमा

“युरोपीय महासंघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने महासंघाशी केलेला व्यापार करार व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिला तर मुळीच वाईट नाही. दोन्ही बाजूंच्या मालावर आयातशुल्क नाही, प्रमाणाची मर्यादा नाही. त्यानंतर तिथे पंतप्रधान बदलत राहिले, पक्षांची वाताहत झाली, हे सगळे खरे. पण राजकारणी माणसे कशावरूनही भांडतात, त्याचे खापर करारावर कशाला फोडायचे?” अण्णांनी असे म्हटले आणि गंगापूर रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषय निघालाच नाही. अण्णा द्राक्षे निर्यात करतात. हंगामात त्यांच्या पॅकहाऊसमधून नेदरलँड्सला आणि इंग्लंडला कंटेनर जातात, त्यामुळे युरोपातल्या सीमाशुल्काच्या गोष्टी ते वर्तमानपत्रांतून नव्हे, तर स्वतःच्या कागदपत्रांतून शिकलेले आहेत. त्यांचे म्हणणे नुसते नाकारून भागत नाही, ते खोडावे लागते.

राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी त्यांना एवढेच विचारले, की २०२१ च्या जानेवारीनंतर तुमच्या मालाच्या वाटेत काय फरक पडला. अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले. पूर्वी कंटेनर रॉटरडॅमला उतरला, तिथे शुल्क भरून माल मोकळा झाला, की त्यातला थोडा जर्मनीला आणि थोडा ट्रकने इंग्लंडला गेला तरी कोणी विचारत नसे. नव्या करारानंतर तोच माल रॉटरडॅमहून इंग्लंडला निघाला तर त्याच्यावर पुन्हा शुल्क लागू शकते, कारण शून्य शुल्काची सवलत युरोपात किंवा ब्रिटनमध्ये पिकलेल्या अथवा तयार झालेल्या मालापुरतीच आहे आणि द्राक्षे तर नाशिकची. म्हणून इंग्लंडचा माल आता थेट इंग्लंडच्या बंदरात पाठवावा लागतो.

“म्हणजे शुल्क गेले आणि सीमा मात्र आली,” सर म्हणाले. “आपला सगळा वाद तिथूनच सुरू होतो.”

सरांचा मुद्दा नीट मांडायला हवा. २४ डिसेंबर २०२० रोजी करार ठरला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. मधल्या आठवड्यात, ३० डिसेंबरला, बाराशेहून अधिक पानांचा हा दस्तऐवज ब्रिटिश संसदेसमोर आला आणि हाउस ऑफ कॉमन्सने तो त्याच दिवशी ५२१ विरुद्ध ७३ मतांनी मान्य केला. कराराने शुल्क टाळले, पण ब्रिटन युरोपच्या एकल बाजारपेठेतून (एकाच नियमांनी चालणाऱ्या सामायिक बाजारातून) आणि सीमाशुल्क संघातून बाहेर पडला असल्यामुळे मूळस्थानाचे दाखले, मांस आणि मासळीसाठी पशुवैद्याच्या सहीची आरोग्य प्रमाणपत्रे, बंदरातली तपासणी हे सर्व अटळ झाले. सेवाक्षेत्र ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचा सर्वात मोठा भाग आहे, त्याच्या वाट्याला तर करारात फारच थोडे आले. हे काही वाटाघाटीतले अपयश नव्हते. १७ जानेवारी २०१७ रोजी लंडनच्या लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एकल बाजारपेठ सोडण्याचे जाहीर केले आणि पुढे त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी कोणत्याही युरोपीय नियमाशी बांधून न घेण्याचा आग्रह धरला, तेव्हाच कराराची जाडी ठरून गेली होती. व्यापाराच्या करारात राजकारण नंतर शिरले नाही. करार असा पातळ का झाला याचे कारणच राजकीय होते.

वकीलसाहेबांना हे मान्य होते, पण त्यांचा निष्कर्ष उलटा होता. “२०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या, म्हणजे ब्रेग्झिटच्या, बाजूने मत दिले. लोकांना आपल्या संसदेने केलेले कायदे हवे होते. या कराराच्या अर्थावरून वाद झाला तर तो लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात जात नाही, लवादाकडे जातो. दोघांपैकी कोणीही बारा महिन्यांची सूचना देऊन करारातून बाहेर पडू शकतो. एका बाजूने कामगार किंवा पर्यावरणाचे नियम सैल केले आणि त्यामुळे व्यापारात अन्याय्य फरक पडला, तर दुसऱ्या बाजूने काय करायचे तेही लिहून ठेवले आहे. स्वातंत्र्य घेतले, त्याची किंमत मान्य केली, सही केली. यात फसवणूक कुठे आहे?”

मी त्यांना म्हटले, की फसवणुकीचा प्रश्नच नाही, किंमत कोणी भरली हा प्रश्न आहे. वकीलसाहेब जमिनीच्या वाटणीचे दावे वर्षानुवर्षे चालवतात. दोन भावांत शेत वाटले की मधला बांध कोणाच्या तरी वाट्याच्या जमिनीत जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ब्रिटन आणि युरोप यांच्यामधला बांध लंडनच्या वाट्याच्या जमिनीत गेला नाही, तो उत्तर आयर्लंडच्या जमिनीत गेला. आणि या कराराचे सर्वात खोल राजकीय परिणाम शोधायचे असतील तर लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या संसदेआधी उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टकडे पाहिले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

इथे सरांच्या मुलीने बोलायला सुरुवात केली. ती शिक्षणासाठी बेलफास्टला राहून आली आहे आणि त्या गावाविषयी बोलताना तिचा आवाज चढतो. तिने आधी मागचा धागा सांगितला. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर आयर्लंड बेटावरची, ब्रिटनमधले उत्तर आयर्लंड आणि युरोपीय महासंघातले आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधली, सीमा दिसेनाशी झाली. ब्रिटन युरोपीय बाजारपेठेतून बाहेर पडला की ती पुन्हा उभी राहणार, आणि तिथे चौकी उभी करणे म्हणजे शांततेशी खेळ, हे सर्वांना कळत होते. थेरेसा मे यांनी उपाय काढला होता, की दुसरी व्यवस्था होईपर्यंत संपूर्ण ब्रिटन युरोपशी एका सीमाशुल्क व्यवस्थेत राहील. १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेने त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. फेटाळणाऱ्यांमध्ये उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीचे, म्हणजे डीयूपीचे, दहा खासदार होते. ब्रिटनशी जोडलेले राहणे हेच ज्या पक्षाचे अस्तित्व, त्याने संपूर्ण ब्रिटनला एकत्र ठेवणारी व्यवस्था नाकारली, कारण त्या दहा मतांवर मे यांचे सरकार उभे होते आणि आपल्याला डावलून काही होऊच शकत नाही असे पक्षाला वाटत होते.

“आणि काका, जॉन्सन २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याच पक्षाच्या अधिवेशनात जाऊन सांगून आले होते, की ग्रेट ब्रिटन, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्स, आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये तपासणी किंवा जकातीची रेषा कोणतेही हुजूर पक्षाचे सरकार मान्य करू शकत नाही आणि करू नये,” ती वकीलसाहेबांना म्हणाली. “पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ती रेषा मान्य केली. नोव्हेंबरमध्ये तिथल्या उद्योजकांना सांगितले, की कोणी फॉर्म मागितला तर पंतप्रधानांना फोन करा, मी तो कचऱ्यात टाकायला सांगेन. २०२१ च्या जानेवारीत फॉर्म आले.”

अण्णांनी योग्य शंका काढली. उत्तर आयर्लंडची व्यवस्था आधीच्या बाहेर पडण्याच्या करारात होती. २०२० च्या व्यापार कराराने त्यात काय बिघडवले? ही शंका महत्त्वाची आहे, कारण बरेच लोक हे दोन करार एकच समजतात. आधीच्या करारातल्या प्रोटोकॉलने उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांखाली ठेवले. त्यामुळे आयरिश समुद्रात किती तपासणी लागणार, हे ग्रेट ब्रिटनचे नियम युरोपच्या नियमांपासून किती दूर जाणार यावर अवलंबून होते, आणि ते व्यापार कराराने ठरवले. अन्नपदार्थांच्या आणि जनावरांच्या आरोग्याच्या नियमांबाबत डिसेंबर २०२० मध्ये दोघांनी मेळ घातला असता, तर उत्तर आयर्लंडच्या लार्न बंदरात उतरणाऱ्या मालाची बरीचशी तपासणी लागलीच नसती. जॉन्सन आणि त्यांचे मुख्य वाटाघाटीकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी तो मेळ नाकारला, कारण तो घातला तर नियम बदलण्याचे स्वातंत्र्य जाते. इंग्लंडमधल्या डोव्हरच्या बंदरासाठी घेतलेल्या निर्णयाचा भार लार्नच्या बंदरावर पडला, तो असा.

पुढे काय झाले हे तिने तारखांसह सांगितले. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला लार्न आणि बेलफास्टच्या बंदरांत तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना धमकावणारे मजकूर भिंतींवर दिसू लागल्यामुळे तपासणी काही दिवस थांबवावी लागली. त्याच्या आधी थोडेच दिवस, २९ जानेवारीला, लशींच्या तुटवड्याच्या भीतीने युरोपीय आयोगानेच प्रोटोकॉलमधले, त्याचा काही भाग एकतर्फी थांबवू देणारे, सोळावे कलम वापरण्याची घोषणा केली आणि काही तासांत ती मागे घेतली. ज्या सीमेसाठी चार वर्षे आकांत केला तिला आयोगाने एका संध्याकाळी हात घातला, हे युनियनिस्टांनी कधीही विसरायचे नाही असे ठरवले. (या एका चुकीबद्दल ब्रसेल्सला जितका दोष दिला जातो त्याहून जास्त द्यायला हवा, असे माझे मत आहे.) एप्रिलमध्ये बेलफास्टच्या युनियनिस्ट वस्त्यांत दंगली झाल्या, बस जाळली गेली. महिना संपण्याच्या आत डीयूपीच्या नेत्या आणि फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरकारच्या प्रमुख, आर्लीन फॉस्टर यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

“दुकानातही सीमा दिसते,” ती म्हणाली. ऋषी सुनक यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपशी विंडसर आराखडा ठरवला, त्यात उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालासाठी बंदरात हिरवी मार्गिका आणि पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल मार्गिका आली. हिरव्या मार्गिकेतून आलेल्या मांसाच्या आणि दुधाच्या पदार्थांवर ‘नॉट फॉर ईयू’ असे छापावे लागते. बेलफास्टच्या सुपरमार्केटमध्ये फळीवर हात घातला की अर्ध्या पाकिटांवर हे तीन शब्द असतात. स्वतःला मनापासून ब्रिटिश मानणाऱ्या, वयस्क घरमालकिणीने ते पाकीट तिला दाखवून विचारले होते, की लंडनहून माझ्या घरी येणाऱ्या लोण्याला परदेशी मालासारखा शिक्का का लागतो. त्या बाईंना व्यापार कराराची पाने वाचायची गरज नव्हती.

निवडणुकांच्या आकड्यांवर वकीलसाहेब आणि सर यांची बराच वेळ जुंपली. मे २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत, आयर्लंडचे एकीकरण मागणारा राष्ट्रवादी पक्ष शिन फेन २७ जागांसह पहिला पक्ष ठरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओनील या तिथल्या पहिल्या राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर झाल्या. वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की लोकसंख्येत कॅथलिकांचे प्रमाण वाढते आहे, हे कधीतरी होणारच होते, व्यापार कराराला त्याचे श्रेय किंवा दोष देऊ नये. सरांनी आकडे पुढे केले. शिन फेनला २०१७ मध्येही २७ च जागा होत्या. त्यांची मते २७.९ वरून २९ टक्क्यांवर गेली, म्हणजे फारशी वाढली नाहीत. डीयूपी मात्र २८.१ वरून २१.३ टक्क्यांवर आली, आणि समुद्रातल्या सीमेविरुद्ध तिच्याहून कडक भूमिका घेणाऱ्या ट्रॅडिशनल युनियनिस्ट व्हॉइसची मते २.६ वरून ७.६ टक्क्यांवर गेली. शिन फेन वर चढली त्यापेक्षा युनियनिस्ट मत फुटले, आणि ते कराराने आणलेल्या रेषेवरून फुटले.

हे वाचले की डीयूपीने पुढे दोन वर्षे सरकार का बंद पाडले तेही कळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या फर्स्ट मिनिस्टरने राजीनामा दिला आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत बेलफास्टमध्ये पूर्ण अधिकाराचे मंत्रिमंडळच नव्हते. रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या, शिक्षकांची पगारवाढ, सगळे रखडले. सत्तेत परतूनही पक्ष सावरला नाही. जुलै २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत त्याचे खासदार आठवरून पाचवर आले आणि पक्षाच्या संस्थापकांच्या घराण्याकडे अनेक दशके असलेली नॉर्थ अँट्रिमची जागा ट्रॅडिशनल युनियनिस्ट व्हॉइसच्या जिम ॲलिस्टर यांनी जिंकली. १० डिसेंबर २०२४ रोजी विधानसभेने समुद्रातल्या सीमेची ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्यास ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती दिली, पण युनियनिस्टांनी विरोधात मत दिले. महत्त्वाच्या प्रश्नांवर दोन्ही समाजांची संमती हवी, हा गुड फ्रायडे कराराचा आत्मा आहे. इथे साध्या बहुमताने काम भागवले गेले. याबद्दल युनियनिस्टांची तक्रार मला खोटी वाटत नाही, जरी ब्रेग्झिटला पाठिंबा देऊन त्यांच्या नेत्यांनीच ही वेळ आणली असली तरी.

स्कॉटलंडवर आम्ही फार थांबलो नाही, पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिथे ६२ टक्के मते युरोपात राहण्याच्या बाजूने पडली होती आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीने करारावर विरोधी मत दिले. कराराने स्वातंत्र्याची मागणी बळकट केली, असे सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात तिला दोन्ही बाजूंनी धरले. गाऱ्हाणे वाढले, पण स्वतंत्र स्कॉटलंड युरोपात गेला तर शुल्क नसले तरी तपासणी असलेली ही सीमा थेट इंग्लंडच्या वेशीवर उभी राहील, आणि स्कॉटलंडचा सर्वात मोठा व्यापार तर उर्वरित ब्रिटनशीच आहे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या २०१४ च्या सार्वमतात हा प्रश्न नव्हता, कारण तेव्हा दोघेही एकाच बाजारपेठेत राहण्याची शक्यता होती.

अण्णांना खरा रस मासळीत होता. नाशवंत मालाचा व्यापारी नाशवंत मालाचे दुःख ओळखतो. मासेमारीचा ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेतला वाटा साधारण ०.१ टक्का, पण वाटाघाटी शेवटच्या दिवसापर्यंत तिच्यावर अडल्या होत्या, कारण ‘आपला समुद्र परत घेऊ’ हे वचन सभांमधून दिलेले होते. शेवटी ठरले ते असे, की ब्रिटिश पाण्यात युरोपीय बोटी जी मासळी पकडत त्यातला मूल्याने सुमारे चौथा हिस्सा साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे येईल. किनाऱ्यावरच्या लोकांना याहून पुष्कळ जास्त अपेक्षा होती. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडची जिवंत कोळंबी आणि शेवंड फ्रान्स-स्पेनच्या बाजारासाठी निघाली, प्रमाणपत्रांपायी अडकली, आणि १८ जानेवारीला मासळी निर्यातदारांनी आपले ट्रक लंडनला सरकारी कार्यालयांच्या दारात आणून उभे केले.

“असा ट्रक अडला की मालकाला झोप लागत नाही,” अण्णा म्हणाले. “प्रमाणपत्रावर सही मिळायला एक दिवस लागला तर शेवंडीचा भाव अर्धा होतो. शुल्क शून्य आहे हे त्याला सांगून काय उपयोग?” एवढे बोलल्यावर आपण सुरुवातीला केलेल्या विधानापासून बरेच दूर आलो आहोत, हे त्यांच्याही लक्षात आले असावे.

मासळीचे राजकारण इंग्लंडच्या ग्रिम्सबी या मासेमारी बंदरात सर्वात स्पष्ट दिसते. तिथल्या स्थानिक परिसरात जवळजवळ ७० टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. १९४५ पासून मजूर पक्षाकडे असलेली ही जागा २०१९ मध्ये हुजूर पक्षाने जिंकली. २०२४ मध्ये ती पुन्हा मजूर पक्षाकडे गेली आणि मे २०२५ मध्ये ग्रिम्सबीचा समावेश असलेल्या ग्रेटर लिंकनशरच्या महापौरपदी रिफॉर्म यूके पक्षाचा उमेदवार निवडून आला. सहा वर्षांत तीन पक्ष. सरांच्या मते हे एका गावाचे चंचलपण नाही. हुजूर पक्षाने २०१९ मध्ये ३६५ जागा मिळवल्या त्या ‘ब्रेग्झिट पार पाडू’ या एका वाक्यावर. करार झाला आणि वाक्य संपले. दक्षिणेतले सधन मतदार आणि उत्तरेतली बंदरे-गिरण्यांची गावे यांना एकत्र धरणारे दुसरे काहीच पक्षाजवळ नव्हते. २०२४ मध्ये १२१ जागा उरल्या. वकीलसाहेबांनी जॉन्सन यांच्या कार्यालयातल्या टाळेबंदीतल्या मेजवान्या आणि पुढच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या अर्थसंकल्पाची आठवण करून दिली, ती रास्तच होती. तरीही फुटलेली मते मजूर पक्षापेक्षाही जास्त रिफॉर्म यूकेचे नायजेल फराज यांच्याकडे का गेली, याचे उत्तर त्यात मिळत नाही. स्थलांतर कमी होईल हे वचन होते; मुक्त संचार थांबला, पण निव्वळ स्थलांतर २०२३ मध्ये वर्षाला ९ लाखांच्या वर गेले, आणि येणाऱ्यांत भारतातून शिकायला आणि काम करायला गेलेले पुष्कळ होते. वचन मोडल्याचा राग ज्याने वचन दिले त्याच्यावर निघाला आणि तेच वचन पुन्हा, अधिक मोठ्या आवाजात देणाऱ्याच्या झोळीत पडला.

मजूर पक्षाचे नुकसान वेगळ्या प्रकारचे. पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांनी ३० डिसेंबर २०२० ला आपल्या खासदारांना कराराच्या बाजूने मत द्यायला लावले. करार नसण्यापेक्षा असा करार बरा, हे त्यांचे कारण त्या दिवसापुरते खरे होते. पण ज्याच्या बाजूने मत दिले त्याच्यावर पुढे टीका करता येईना. २०२४ च्या जाहीरनाम्यात एकल बाजारपेठ नाही, सीमाशुल्क संघ नाही, मुक्त संचार नाही, अशा तीन मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतल्या. जानेवारी २०२५ च्या यूगव्ह या जनमत संस्थेच्या पाहणीत बाहेर पडणे बरोबर होते असे म्हणणारे ३० टक्के आणि चूक होते असे म्हणणारे ५५ टक्के होते. करारामुळे ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, असे सरकारचेच अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालय सांगत आले आहे. एवढे असूनही देशातला सत्ताधारी पक्ष आपल्या निम्म्याहून अधिक जनतेचे मत स्पष्टपणे बोलू शकत नाही, हा मला या कराराचा सर्वात वाईट परिणाम वाटतो.

वकीलसाहेबांचा सर्वात सबळ मुद्दा इथे आला. “२०२५ मध्ये ट्रम्प यांनी ब्रिटनवर १० टक्के शुल्क लावले आणि युरोपीय महासंघाला १५ टक्क्यांवर तडजोड करावी लागली. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनने आपल्याशी करार केला. व्हिस्कीवरचे आपले १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. सत्तावीस देशांना विचारत बसावे लागले असते तर हे झाले असते का?” अण्णांनी मान डोलावली, कारण या करारातून आपल्या शेतमालाला मिळणाऱ्या सवलतींकडे त्यांचेही डोळे लागलेले आहेत. वेगळे व्यापारधोरण ही खरी मिळकत आहे, हे आम्ही सर्वांनी मान्य केले. सरांनी एवढेच जोडले, की सहा महिन्यांनी, २७ जानेवारी २०२६ ला, सत्तावीस देशांच्या महासंघानेही भारताशी वाटाघाटी पूर्ण केल्याचे जाहीर केले. आणि वेगाची मिळकत किती, सीमेचे नुकसान किती, याचा हिशेब ब्रिटिश राजकारणात अजून कोणी उघडपणे मांडत नाही.

आता तोच पातळ करार जाड करण्याची खटपट चालू आहे. १९ मे २०२५ रोजी स्टार्मर आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन लँकेस्टर हाउसमध्येच भेटले. अन्नपदार्थांची तपासणी कमी करायची तर ब्रिटनने युरोपचे नियम, ते बदलतील तसतसे, स्वीकारत जायचे आणि युरोपीय कायद्याच्या अर्थावर अखेरचा शब्द लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा, असे ठरले. त्याच दिवशी युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात ३० जून २०३८ पर्यंत मुभा मिळाली. वकीलसाहेब यावर खवळले आणि त्यांचा राग मला समजतो. जो देश नियम करताना मत देत होता, तो आता मत न देता तेच नियम पाळणार. पण लार्नमधली तपासणी कमी करण्याचा याहून दुसरा मार्ग गेल्या पाच वर्षांत कोणालाही सापडलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क संघाच्या बाजूने मांडलेल्या एका खासगी विधेयकावर कॉमन्समध्ये १०० विरुद्ध १०० मते पडली आणि उपसभापतींच्या मताने ते पुढे गेले. त्याचा कायदा होणार नाही, तरी मजूर पक्षातली घुसमट त्यातून बाहेर आली.

“उद्या फराज यांचे सरकार आले,” वकीलसाहेब शेवटी म्हणाले, “तर ते बारा महिन्यांची सूचना देऊन हा व्यापार करारच रद्द करू शकतात. मग सगळाच प्रश्न निकाली निघेल.”

“काका, तसे होणार नाही,” सरांची मुलगी म्हणाली. “रद्द होईल तो व्यापार करार. विंडसर आराखडा दुसऱ्या, बाहेर पडण्याच्या करारात बसतो, तो तसाच उभा राहील. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपातच राहील आणि ग्रेट ब्रिटन शुल्काच्या भिंतीबाहेर जाईल. आज त्या समुद्रात मुख्यतः तपासणी आणि शिक्के आहेत, उद्या पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालावर तिथेच शुल्क भरावे लागेल. आणि ते नको म्हणून तोही करार मोडला, तर सीमा परत बेटावर, जिथे १९९८ च्या आधी होती तिथे.”

वकीलसाहेब यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की दोन्ही करारांची कलमे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मी हे मान्य करणार नाही. आणि सर म्हणाले, की ती वाचून या, पुढची बैठक त्यावरच घेऊ.